पुस्तकातलं ऑझ आणि पडद्यावरचं ऑझ: भिंतीवरच्या तक्त्याच्या नोंदी

१९ एप्रिल

वाचनालयाच्या बालविभागाचा सुट्टीतला प्रकल्प ठरला. एक कादंबरी पूर्ण वाचायची, तिच्यावरचा एक चित्रपट पूर्ण पाहायचा आणि दोन्हींतला फरक भिंतीवर मांडायचा. पुस्तक एल. फ्रँक बॉमचं 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' (शिकागो, १९००), चित्रपट हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचा, १९३९ सालचा.

ग्रंथपाल काकांचा आग्रह 'श्यामची आई'साठी होता. पण ते पुस्तक हातात घेण्याआधीच आपल्याला काय वाटायला हवं हे मुलांना ठाऊक असतं, आणि पालकांना तर त्याहून जास्त. मला असं पुस्तक हवं होतं, ज्याच्याबद्दल इथे कुणाच्याही घरात कुणी हळवं नाही. काका म्हणाले, "बरं. मग दिवाळीच्या सुट्टीत श्यामची आई. लिहून ठेव." लिहून ठेवलं.

मांडणी अशी: वर पुस्तकाची पट्टी, २४ प्रकरणांची २४ कार्डं. खाली चित्रपटाची पट्टी, १०१ मिनिटांची, दर पाच मिनिटांवर खूण. जो प्रसंग दोन्हीकडे आहे त्याला वरून खाली दोरा बांधायचा. एकाच पट्टीवर असेल तर दोरा नाही. नियम एवढाच.

२२ एप्रिल

कपाटातली प्रत संक्षिप्त निघाली. मूळ पुस्तकावरचा हक्क कधीच संपलाय, त्यामुळे पूर्ण मजकूर इंटरनेटवर मोफत मिळतो. तो छापून घेतला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर गंमत दिसली: चिनीमातीच्या माणसांचा देश, हातोडीसारखी डोकी मारणारी टेकडीवरची माणसं, जंगलातला राक्षसी कोळी, हे सगळं संक्षिप्त प्रतीत नाही. चित्रपटातही नाही. संक्षेप करणाऱ्याने पुस्तक समोर ठेवून कापाकापी केली की चित्रपट आठवत, कोण जाणे.

२६ एप्रिल

पहिली सहा प्रकरणं आळीपाळीने मोठ्याने वाचली. वाक्यं इंग्रजीत साधी आहेत. अडलं तिथे मी मराठीत सांगत गेले.

सुरुवातीचं कॅन्सस, म्हणजे डोरोथी ही मुलगी काका-काकूंकडे राहते तो अमेरिकेतला प्रदेश, नुसतं करडं आहे. माळरान करडं, उन्हापावसाने रंग उडालेलं घर करडं, एम काकूंचे डोळे आणि गाल करडे, हेन्री काका दाढीपासून बुटांपर्यंत करडे. बॉम १८८८ ते १८९१ या काळात डकोटातल्या ॲबरडीन गावात राहत होता. तिथे त्याचं दुकान बुडालं आणि वर्तमानपत्रही. हा करडा रंग त्याने डोळ्यांनी पाहिलेला आहे हे वाचताना कळतं.

एका मुलीने बरोबर टिपलं: डोरोथी पळून जात नाही. तिला कॅन्सस सोडायचंही नसतं. तिचा कुत्रा टोटो घाबरून पलंगाखाली शिरतो, त्याला बाहेर काढण्यात उशीर होतो आणि तेवढ्यात वादळ घर उचलून नेतं. मग ती काय करते? बराच वेळ काहीच होत नाही म्हणून झोपून जाते. मुलं हसली. मलाही हा भाग आवडतो. संकटात कंटाळा येतो हे फार थोडे लेखक मुलांना सांगतात.

चौथ्या प्रकरणातला एक संवाद कार्डावर उतरवून घेतला. ऑझमध्ये डोरोथीला वाटेत भेटलेलं बोलकं बुजगावणं विचारतं, तुमचं ते करडं, कोरडं कॅन्सस सोडून या सुंदर देशात राहावं असं तुला का नाही वाटत? डोरोथी म्हणते, तुला मेंदू नाही म्हणून कळत नाही. आम्हा माणसांना घर कितीही रुक्ष असलं तरी तिथेच राहायचं असतं, घरासारखी दुसरी जागा नाही. त्यावर बुजगावणं: खरंच नाही कळत, तुमच्याही डोक्यात पेंढा असता तर तुम्ही सगळे सुंदर जागी राहायला गेला असता आणि कॅन्ससमध्ये कुणी उरलंच नसतं. तुम्हाला मेंदू आहे हे कॅन्ससचं नशीब.

ज्याला मेंदू नाही त्याचा मुद्दा बिनतोड आहे. बॉम पुढे काहीच बोलत नाही, गोष्ट सुरू ठेवतो. हे कार्ड लाल शाईत.

३ मे

अकराव्या प्रकरणापर्यंत. आजचा विषय रंग.

पुस्तकातला प्रत्येक प्रदेश एका रंगाचा आहे. मंचकिनांचा निळा, विंकींचा पिवळा, दक्षिणेकडच्या क्वाडलिंगांचा लाल. पहिल्या आवृत्तीतली डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लोची चित्रंही गोष्ट ज्या प्रदेशात असेल त्या रंगात छापली होती. आणि मधोमध पाचूनगरी, हिरवी. पण वेशीवरचा पहारेकरी आत जाणाऱ्या प्रत्येकाला हिरव्या काचेचा चष्मा लावतो आणि मागून किल्लीने कुलूप घालतो. टोटोलासुद्धा. पुढे नगरीचा जादूगार, ज्याच्याकडे डोरोथी घरी जायची मदत मागायला आलीय, स्वतःच कबूल करतो की नगरी इतर कुठल्याही शहराहून जास्त हिरवी नाही. हिरवा चष्मा घातला की जे दिसेल ते हिरवंच दिसणार.

मुलांना चष्म्याला कुलूप ही कल्पना इतकी आवडली की पुढचा अर्धा तास त्यातच गेला. जाऊ दिला.

१० मे

बारावं आणि तेरावं प्रकरण. पुस्तकाच्या बरोबर मध्यावर दुष्ट चेटकीण मरते.

पण त्याआधी रक्तपात आहे. डोरोथी आणि तिचे तीन सोबती, बुजगावणं, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि सिंह, यांच्यावर चेटकीण चाळीस लांडगे पाठवते. पत्र्याचा लाकूडतोड्या कुऱ्हाडीने एकेकाचं डोकं उडवतो. मग चाळीस कावळे. बुजगावणं एकेकाची मान मुरगळतं. प्रस्तावनेत हाच बॉम म्हणतो, जुन्या परीकथांमधली भयानकता आणि बोध या दोन्हींची आता गरज नाही, नीतिशिक्षण शाळेत मिळतंच, मुलांना गोष्टीतून फक्त आनंद हवा असतो. बोध त्याने खरंच काढून टाकला. भयानकतेच्या बाबतीत मात्र त्याची मोजपट्टी वेगळी असावी. मुलं अजिबात घाबरली नाहीत. डोकी मोजत होती.

पाण्याचा प्रसंग नीट लिहून घेतला, कारण उद्या लागणार आहे. चेटकीण न दिसणाऱ्या लोखंडी दांड्याला अडखळवून डोरोथीला पाडते आणि तिचा एक बूट लांबवते. डोरोथीला राग येतो. ती बादली उचलून चेटकिणीवर ओतते. रागाने, मुद्दाम. पाण्याने चेटकीण विरघळेल हे तिला ठाऊक नसतं, पण ओतायचं तिने ठरवलेलं असतं. त्यानंतरचं तर फारच छान: ती आणखी एक बादली पाणी ओढते, तो चिकटा धुते, झाडूने दाराबाहेर लोटते, बूट फडक्याने पुसून कोरडा करते आणि पायात घालते. राज्यातला सर्वात मोठा विजय, आणि पोरगी फरशी पुसतेय.

तेराव्यात ती विंकींना सोबत घेऊन मित्रांना सोडवते. सिंह कैदेत आहे, लाकूडतोड्या दगडांवर आपटून चेपलाय, बुजगावण्याचा पेंढा उपसून कपडे झाडाच्या शेंड्यावर फेकलेत. विंकींमधले पत्र्याचे कारागीर तीन दिवस आणि चार रात्री ठोकाठोकी करून लाकूडतोड्याला सरळ करतात.

११ मे

चित्रपट. प्रोजेक्टर चालला, लाईट गेली नाही, यापलीकडे व्यवस्थेची नोंद नको.

पहिली वीसेक मिनिटं कॅन्सस, तपकिरी छटेत. मुलं चुळबुळत होती. १९३९ साली चाचणी प्रयोगानंतर स्टुडिओतल्या काही जणांनाही हा भाग रेंगाळतो असं वाटलं होतं आणि त्यांनी 'ओव्हर द रेनबो' हे गाणं कापायला काढलं होतं. ते वाचलं आणि पुढे त्याला ऑस्कर मिळालं.

दार उघडण्याचा शॉट थांबवून थांबवून परत पाहिला. घर खाली पडतं, डोरोथी तपकिरी घरातून तपकिरी दार उघडते आणि पलीकडे सगळं रंगीत. हे प्रयोगशाळेत केलेलं नाही. तो अख्खा शॉट रंगीत फिल्मवरच आहे. घराचा आतला भागच तपकिरी रंगवला होता आणि दारापर्यंत जाणारी पाठमोरी मुलगी ही तपकिरी कपड्यांतली दुसरीच आहे. ती बाजूला होते आणि निळ्या चौकड्यांच्या झग्यातली, डोरोथी झालेली ज्यूडी गारलंड बाहेर पाऊल टाकते. सातवीतल्या एकाने शॉट चौथ्यांदा लावायला लावला.

चेटकीण आली तेव्हा दोन लहान मुलं उठून काकांच्या टेबलाजवळ जाऊन बसली. म्हणजे ऐंशी मुंडकी उडाली तेव्हा कुणी हललं नाही, आणि एका हिरव्या चेहऱ्याच्या हसण्याने ही गत. मार्गारेट हॅमिल्टन ही अभिनेत्री आधी बालवाडीची शिक्षिका होती, हे मी त्या दोघांना नंतर सांगितलं. फारसा उपयोग झाला नाही.

१३ मे

दोरे बांधायला घेतले.

वरच्या पट्टीवर सातवं आणि नववं कार्ड मोकळं: वाघाचं डोकं आणि अस्वलाचं धड असलेले कालिदाह प्राणी गेले, उंदरांची राणी गेली. खसखशीच्या शेतातून झोपलेल्या सिंहाला पुस्तकात हजारो उंदीर गाडी ओढून बाहेर काढतात. चित्रपटात बर्फ पडतो आणि सगळे जागे होतात. तो बर्फ १९०२ च्या संगीत नाटकातून आलाय, म्हणजे चित्रपटाच्या आधी रंगभूमीनेच उंदरांना रजा दिली होती. तेरानंतर तर भिंत ओसाड. पंधरा, सोळा, सतरा आणि शेवटची दोन कार्डं सोडली तर दोरे नाहीत. एक अपवाद मुलांनीच शोधला: एकोणिसाव्या प्रकरणातली मारकी झाडं चित्रपटात सफरचंदं फेकणारी झाडं होऊन पार आधी, लाकूडतोड्या भेटण्यापूर्वी येतात. तो दोरा सगळ्या भिंतीवरून तिरका गेलाय.

खालच्या पट्टीवर उलटा प्रकार. पहिल्या वीस मिनिटांना जेमतेम दोन दोरे. टोटोला न्यायला सायकलवरून येणारी मिस गल्च, डोरोथीचं पळून जाणं, भविष्य सांगणारा प्रोफेसर मार्व्हल, शेतावरचे तीन गडी: वर यांचं कार्डच नाही.

तेराव्या कार्डाच्या दोऱ्यावर वाद झाला. सुटकेचा प्रसंग दोन्हीकडे आहे, पण पुस्तकात डोरोथी मित्रांना सोडवते आणि चित्रपटात मित्र पहारेकऱ्यांचे गणवेश घालून तिला सोडवायला येतात. दोरा बांधायचा का? बांधला, मध्ये गाठ मारून. गाठ म्हणजे उलटं झालेलं.

पाण्याच्या दोऱ्यालाही तशीच गाठ. चित्रपटात चेटकीण बुजगावण्याला आग लावते, डोरोथी ती विझवायला पाणी फेकते आणि ते चुकून चेटकिणीवर उडतं. राग गेला, अपघात आला. फरशी पुसणंही गेलं.

१७ मे

बूट. पुस्तकात चांदीचे, चित्रपटात माणकांचे. १९३८ च्या पटकथेच्या एका मसुद्यात पटकथाकार नोएल लँगलीने चांदी खोडून माणकं घातली. कारण टेक्निकलर, म्हणजे तेव्हाची रंगीत चित्रीकरणाची पद्धत. पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चांदी उठून दिसली नसती. पण लाल आला तो या एका बदलापुरता राहिला नाही. आता ज्याच्या-त्याच्या डोळ्यांपुढे लालच बूट येतात. पुस्तकाचा हक्क सर्वांना खुला असला तरी लाल बूट स्टुडिओचे. १९८५ मध्ये डिस्नेने ऑझवर दुसरा चित्रपट काढला तेव्हा त्या बुटांसाठी एमजीएमला पैसे द्यावे लागले.

कुलूपवाला चष्मा चित्रपटात का नाही, हे मुलांनी मला न विचारता सांगितलं: "ताई, त्यांनी एवढा खर्च करून खरोखरचं हिरवं शहर बांधलं, मग ते खोटं आहे असं कशाला सांगतील?" यात मला काही भर घालता आली नाही. बॉमने रंगावर अविश्वास दाखवला होता. चित्रपट रंगाचीच तिकिटं विकत होता.

२४ मे

आज मुद्द्यावर आलो. इतके दिवस बदलांची यादी वाढत होती; आता वाटतं की यादी नाहीच, एकच बदल आहे आणि बाकीचे त्याच्यामागून आलेत.

पुस्तकातलं ऑझ खरं आहे. डोरोथी परत येते तेव्हा एम काकू कोबीला पाणी घालत असतात, आणि माळावर हेन्री काकांनी नवं घर बांधलेलं असतं, कारण जुनं खरोखरच उडून गेलं. बूट येताना वाळवंटात पडून हरवतात. 'कुठून आलीस गं?' 'ऑझच्या देशातून.' संपलं. शेवटचं प्रकरण पानभरसुद्धा नाही.

चित्रपटात ऑझ हे डोक्याला मार लागून पडलेलं स्वप्न आहे. एमजीएमला 'स्नो व्हाइट'चं यश दिसत होतं, पण जिवंत नटांनी केलेली परीकथा मोठी माणसं गंभीरपणे पाहतील का, ही धास्तीही होती. स्वप्न म्हटलं की ती धास्ती मिटते. आणि मग एकामागून एक:

स्वप्नात ओळखीचेच चेहरे येणार, म्हणून शेतावरचे तीन गडी हवेत, जे बुजगावणं, लाकूडतोड्या आणि सिंह होतील. म्हणून मिस गल्च, जी चेटकीण होईल. पुस्तकातली पश्चिमेची चेटकीण बाराव्या प्रकरणापर्यंत समोरच येत नाही; चित्रपटात ती मंचकिनांच्या गावातच अवतरते आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरेपर्यंत मरत नाही. स्वप्नाला कारण हवं, म्हणून डोरोथीला घर नकोसं व्हायला हवं, म्हणून गाणं, म्हणून पळून जाणं. पळून गेली म्हणून काकू आजारी पडल्याची टोचणी. टोचणी आली म्हणून शेवटी धडा. लाकूडतोड्या विचारतोच: तू काय शिकलीस? आणि डोरोथी शहाण्या मुलीसारखं उत्तर देते की मनातलं काही शोधायचं झालं तर यापुढे आपल्या परसाच्या पलीकडे जाणार नाही.

लाल शाईतलं कार्ड काढून दाखवलं. तेच वाक्य, घरासारखी दुसरी जागा नाही. चौथ्या प्रकरणात त्यावर पेंढ्याच्या डोक्याने टोला हाणला होता. चित्रपटात ते शेवटी येतं, तीनदा टाचा जुळवून, डोळे मिटून, आणि शेजारी उभं असूनही बुजगावणं उलट काही बोलत नाही. दोरा बांधला, दोन गाठी मारून.

आठवीतल्या एका मुलीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, पुस्तकातल्या डोरोथीला पहिल्यापासून घरीच जायचंय, तिच्यात काही बदलतच नाही. चित्रपटातली निदान काहीतरी चुकते आणि कळून घेते. तिचा मुद्दा तसाच लिहून भिंतीवर लावलाय, माझ्या मुद्द्याशेजारी.

३१ मे

चित्रपटाची बाजूही नीट मांडायला हवी. जादूगार फुग्यातून उडून गेल्यावर पुस्तक सैल पडतं. दक्षिणेचा प्रवास म्हणजे एक अडथळा, मग दुसरा अडथळा. हातोडीडोक्यांची टेकडी गेली याचं मला तरी दुःख नाही. चिनीमातीच्या देशाचं आहे. तिथली राजकन्या डोरोथीला सांगते, मला उचलून नेऊ नकोस, इथून नेलं की आमचे सांधे आखडतात आणि आम्ही फक्त शोभेला उभे राहतो. डोरोथी तिला तिथेच ठेवते. आधी एका गायीचा पाय मोडतो, जाताना सिंहाच्या शेपटीने एक इवलंसं चर्च फुटतं, तेवढंच नुकसान.

तो सगळा प्रवास कापायचा म्हणून दोन चांगल्या चेटकिणींची एक झाली. पुस्तकात उत्तरेची वृद्ध चेटकीण बूट देते, पण त्यांची घरी पोचवण्याची करामत तिलाच माहीत नसते. ती माहीत असते दक्षिणेच्या ग्लिंडाला, म्हणून तिच्यापर्यंत चालत जायचं. चित्रपटात दोघी एकच, म्हणजे ग्लिंडाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "मग सांगितलं का नाही?" मुलांपैकी निम्म्यांनी एकदम विचारलं. चित्रपटाचं उत्तर: सांगून हिला पटलं नसतं, स्वतःच शिकायला हवं होतं. "म्हणजे परीक्षा घेतली," एक जण म्हणाला, तोंड वाकडं करून.

नटांचं श्रेय वेगळ्या कार्डावर. रे बोल्गरचं बुजगावणं ज्या तऱ्हेने स्वतःच्या पायांवर कोसळतं ते कुठल्या पुस्तकात लिहून येणार नाही. फ्रँक मॉर्गनने पाच भूमिका केल्यात, मार्व्हलपासून जादूगारापर्यंत. वेशीवरचा दारवानही तोच. सगळीकडे एकच फसवणारा माणूस भेटतो, ही खास चित्रपटाची कमाई.

७ जून

तक्ता पूर्ण. पालक येऊन पाहून गेले. बहुतेकांनी चित्रपट लहानपणी टीव्हीवर पाहिलेला, पुस्तक कुणीच वाचलेलं नव्हतं.

शेवटी दोन गोष्टी उरल्या होत्या. पहिली मिस गल्च. तिच्याकडे टोटोला न्यायचा शेरीफचा हुकूम आहे, टोटो तिच्या टोपलीतून पळालाय, आणि चित्रपट संपताना सगळे पलंगाभोवती हसत उभे असताना तो हुकूम तसाच आहे. "ती उद्या परत येणार," सहावीतली मुलगी म्हणाली. स्वप्नातली चेटकीण मेली म्हणून खरी बाई मरत नाही.

दुसरी गोष्ट मी सांगितली. बॉमने ऑझवर एकूण चौदा कादंबऱ्या लिहिल्या. सहाव्या पुस्तकात, १९१० साली, त्या वादळानंतर नवं घर बांधायला हेन्री काकांनी काढलेलं कर्ज फिटत नाही आणि शेत जायची वेळ येते. तेव्हा डोरोथी काका-काकूंना घेऊन ऑझमध्ये राहायला जाते. कायमची. बुजगावण्याचं म्हणणं बॉमने दहा वर्षांनी मान्य केलं, असं मी त्याकडे पाहते.

मुलांनी आपसात कुजबुज करून १९१० चं एक कार्ड केलं. मला वाटलं वरच्या पट्टीला जोडतील, चोविसाव्या कार्डानंतर. त्यांनी ते खाली नेलं, १०१ मिनिटांच्या पुढे चिकटवलं आणि मिस गल्चपासून तिथपर्यंत दोरा ओढला: ती हुकूम घेऊन येईल तेव्हा घरात कुणी नसेल. आमच्या नियमात हा दोरा बसत नाही, एकाच पट्टीवर दोन टोकं. काकांनी स्टूल धरलं, दोरा राहू दिला.